तीन मोटारींचं रॉकेट आणि आमच्या वन्सं

ती. दादास,

साष्टांग नमस्कार शेवटी घालते. आधी मला सांग, मी तुझ्याकडे मागितलं काय होतं आणि तू पाठवलंस काय? मी स्वच्छ लिहिलं होतं (चौथीतून शाळा सुटली तरी माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, हे वहिनीसुद्धा कबूल करते) की वन्सं भाऊजींकडे राहायला जाईपर्यंत त्यांचे हात गुंतून राहतील असं काहीतरी शांत, बसल्या जागी करायचं, आवाज न होणारं पाठव. लोकरीचे गुंडे पाठवायचेस. चित्राचे तुकडे जुळवायचा खोका पाठवायचास. तुझ्या त्या खेळण्यांच्या गोदामात शंभर वस्तू पडलेल्या असतील. त्यातून तू निवडून काढलंस काय, तर रॉकेट! तेही एका मोटारीचं नाही, तीन मोटारींचं! आणि मोटार म्हणजे पंख्यात असते तसली गरगर फिरणारी नव्हे, बोटभर लांबीचं जाड कागदी नळकांडं, आत दारू ठासून भरलेली, हे मला कधी कळलं? सहाच्या सहा नळकांडी शिवणाच्या टेबलावर तापल्या इस्त्रीशेजारी मांडून झाल्यावर. बहिणीचं घर उडवायचं होतं तर तसं आधी सांगायचंस, मी कपडे तरी आवरून ठेवले असते.

असो. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचं पित्त? तो काढा घेते म्हणावं की नुसता कपाटात ठेवते? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांच्या कानातून अजून थोडा चुना निघतो, तो का ते पुढे येईल. फोन करायचा सोडून एवढं लांबलचक का लिहीत बसले म्हणशील, तर घर दोन खोल्यांचं, आणि वन्संचे कान असे की मी तिकडच्या खोलीत सुईत दोरा ओवला तर इकडे त्यांना कळतं. पत्राला आवाज नसतो.

वन्सं आणि माझं कसं आहे ते तुला नव्याने सांगायला नको. सव्वीस वर्षं एका घरात. त्या छापखान्यात पुस्तकं बांधायला जायच्या, सकाळी आठला बाहेर आणि संध्याकाळी सहाला घरात, त्यामुळे आमचं उत्तम चालायचं. आठ महिन्यांपूर्वी छापखान्यात बांधणीचं यंत्र आलं आणि एकतीस वर्षं तिथे राबलेली बाई एका दुपारी घरी. येताना स्वतःची हत्यारं घेऊन आल्या: घड्या घालायची हाडाची पट्टी, टोचा, आणि पुस्तकं दाबायचे दोन लोखंडी ठोकळे. ते ठोकळे त्यांनी खिडकीतल्या फळीवर ठेवले आणि समोर भिंतीकडे बघत बसल्या. पहिले पंधरा दिवस मला वाईट वाटलं. सोळाव्या दिवसापासून त्यांनी घर बांधायला घेतलं. म्हणजे वर्तमानपत्रांच्या कडा सारख्या, चादरींच्या घड्या हाडाच्या पट्टीने, विजेची बिलं ठोकळ्याखाली. आणि मग एक दिवस मी बटणं आणायला गेले आणि परत येते तो माझ्या कापायच्या कागदी नमुन्यांचा खिळा रिकामा! बाही, कॉलर, पाठ, घेर, सव्वीस वर्षांचे नमुने, सगळे त्यांनी एका पुस्तकात शिवून टाकलेले. पुठ्ठा जाड, पाठ कापडी, मोठे नमुने नकाशासारखे घडी घालून आत, आणि पुढे अनुक्रमणिका. आता मला सांग, बाही कापायची तर मी काय करायचं? अख्खं पुस्तक कापडावर उघडं टाकायचं आणि त्या एका पानाभोवती खडू फिरवायचा, बाकीची पानं मध्ये डोकावत असताना! त्या संध्याकाळी मी तुला लिहिलं की भाऊजी तुझ्या खालच्याच मजल्यावर राहतात, त्यांना गाठ आणि सांग, बहीण तुमचीही आहे, आता थोडे दिवस तुम्ही सांभाळा. तू मध्ये पडलास, तारीख ठरली, येत्या रविवारी ते टेम्पो घेऊन येणार. वन्संना हे मीच सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि ठोकळे ट्रंकेत ठेवले. महिना-दीड महिना आधी! अशी बाई.

तर अशा घरात तुझा खोका आला. मी तो परत बांधायला घेतला होता, पण वन्संनी तोवर आतला माहितीचा कागद वाचायला घेतलेला. (एकतीस वर्षं जे बांधायचं ते आधी वाचायचं अशी सवय. त्यामुळे त्यांना विहिरी खणण्यापासून घोड्यांच्या दातांपर्यंत सगळं ठाऊक असतं आणि उपयोग कशाचाच नसतो.) दोनदा वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर नुसतं कागद आणि सरस आहे." ते म्हणताना चेहरा असा झाला की आठ महिन्यांत झाला नव्हता. मी खोका सोडला.

दादा, खरं सांगते, कामात खोड काढायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण त्या बाईचं काम बघत राहावं. लाकडाचे तीन पातळ पंख नळीला लावायचे. मी असते तर सरस फासून चिकटवून मोकळी झाले असते. त्यांनी आधी पंख घासले, गालाला लावून बघितले, पुन्हा घासले. मग दोन्हीकडे सरसाचा पातळ हात, मग थांबायचं, मग टेकवायचं, मग पुन्हा थांबायचं, आणि सगळं वाळल्यावर सांध्यात बोटाने सरसाची अशी रेघ ओढायची की केस अडकणार नाही. तिन्ही मोटारी खाली एका त्रिकोणात बसतात, त्यांच्या नळ्या एकमेकींना बांधून मोठ्या नळीत मधोमध बसवायच्या; तिथे त्यांनी दोन दिवस घालवले. मी म्हटलं, वन्सं, रॉकेट आहे, दागिना नाही. म्हणाल्या, "एक जरी तिरकी बसली तर तिन्ही फुकट." त्यांच्या त्या थांबण्याने माझा जीव जायचा. एकदा त्या आंघोळीला गेल्या असताना मी पंखाला जरा मंद इस्त्री दाखवली, लवकर वाळावं म्हणून. पंख सुटून हातात आला. त्यांनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, पुन्हा घासायला घेतला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार होतं.

इस्त्रीचं निघालंच आहे तर दुसरंही सांगून टाकते. रॉकेट वर गेलं की टोपी उडते आणि आतून छत्री निघते, तिला धरून ते सावकाश खाली येतं. खोक्यात छत्री होती प्लास्टिकची, आणि तिला इतक्या चुण्या! चुण्या दिसल्या की माझा हात इस्त्रीकडेच जातो, त्यात माझा काय दोष? छत्री इस्त्रीला चिकटली ती आजही थोडी आहे. (शेजारणीच्या पांढऱ्या सदऱ्यावर नारिंगी डाग पडला तो त्यातलाच. ती मला विचारते आणि मी तिला विचारते, साबण कुठला वापरता?) मग छत्री शिवायची माझ्यावर आली. एका गिऱ्हाइकाने तीन वर्षांत न नेलेला कोट होता, त्याचं डाळिंबी रेशमी अस्तर काढलं. आठ कळ्यांचा घेर कापायचा ठरवला आणि कळीचा नमुना शोधायला नेहमीप्रमाणे तासभर जाईल म्हणून वैतागले, तर अनुक्रमणिकेत 'कळी, पान एकोणीस'. मुकाट्याने पुस्तक कापडावर उघडलं आणि खडू फिरवला. वन्सं बघत होत्या. मी मान वर केली नाही.

वरून गुंडाळायला त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावतात तो लाटांच्या नक्षीचा कागद काढला, मोरपिशी, छापखान्यातून येताना आणलेला शेवटचा ताव. तो ट्रंकेत तळाशी होता. त्यासाठी ट्रंक पूर्ण उपसली आणि पुन्हा जशीच्या तशी भरली. मी मनात म्हटलं, असा कागद रॉकेटला कोण लावतं? आणि रोज सकाळी केर काढताना त्याच्याजवळ दोन मिनिटं जास्त केर काढत होते.

आता ह्यांचं ऐक. हे तीस वर्षं दुकानांवर आणि हॉलवर दिव्यांच्या माळा लावतात. त्यामुळे घरात वीज म्हटली की ह्यांची छाती फुगते. मोटारी पेटवायला प्रत्येकीत एक बारीक तार खुपसायची, लांबून बटण दाबलं की तार लाल होते आणि मोटार पेटते. वन्संनी सांगितलं होतं की तिन्ही तारांची टोकं वेगवेगळी बॅटरीला पोचली पाहिजेत, कागदावर तसं चित्र आहे, कारण तिन्ही मोटारी एका क्षणी पेटल्या तरच ते सरळ जातं. हे म्हणाले, "ताई, तू कागद चिकटव. वीज माझ्याकडे सोड." आणि केलं काय, तर सवयीने एकीचं टोक दुसरीला, दुसरीचं तिसरीला, झकास माळ! ज्या माणसाचं निम्मं आयुष्य माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ का विझते हे शोधण्यात गेलं, त्याने!

उडवायला गेलो ते मैदानावर. तिथला राखणदार गळ्यात कायम शिट्टी घालून असतो म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. त्याने परवानगी दिली ती गोलच्या आडव्या दांडीपेक्षा वर न्यायचं नाही या अटीवर. ह्यांनी हो म्हटलं. सळई रोवली, रॉकेट तिच्यावर चढवलं, सगळे पंधरा पावलं मागे. ह्यांनी दहापासून मोजायला घेतलं, मोठ्या आवाजात, जणू मैदानभर माणसं जमलीयत. शून्य म्हणून बटण दाबलं. पहिली तार पेटून तुटली, माळ तुटली, बाकीच्या दोघी थंड. एका मोटारीच्या जिवावर ते बिचारं सळईवरून कसंबसं सुटलं, दारुड्यासारखं झुकलं, गोलच्या दांडीखालून (अट पाळली हो!) सूं करत गेलं आणि रेषा आखायच्या चुन्याच्या ढिगात नाक खुपसून बसलं. हे धावत गेले, शिट्टीही धावला, दोघे वाकून बघतायत तोच टोपी उडवायची दारू आत फट्टकन उडाली. ढीगच्या ढीग वर! धुरळा बसला तेव्हा तिथे दोन पुतळे उभे होते, एकाच्या गळ्यात पांढरी शिट्टी. मी इतकी हसले की मला बसावं लागलं. आणि मग वन्संकडे बघितलं आणि हसू गेलं. त्या चुन्यात हात घालून तुकडे गोळा करत होत्या, लाटांच्या कागदाचेसुद्धा, नखाएवढे.

घरी येऊन मला वाटलं, आता भाऊ-बहिणीचं जुंपणार. वन्संनी फक्त माहितीचा कागद ह्यांच्यापुढे ठेवला आणि चित्रावर हाडाची पट्टी आडवी टेकवली. ह्यांनी चित्रातल्या तारा बोटाने एकेक मोजल्या. मग कानातला चुना काढत म्हणाले, "ताई, मी माळ केली." त्या म्हणाल्या, "हो." बस्स. एवढंच भांडण. माझ्या माहेरी यावर आपण दोघांनी महिना काढला असता.

त्या म्हणाल्या, "जायच्या आधी पुन्हा उभं करते." जायच्या आधी. वन्सं असं बोलतात, सरळ, काही न चढवता, आणि आपण बसतो शिलाई उसवत. दोन आठवडे. चेपलेला नळीचा भाग कापला, आतून पुठ्ठ्याची दुसरी नळी घालून सांधा केला, मोडका पंख नवा, आणि नखाएवढे तुकडे असे जुळवले की कुठून फाटलं होतं ते मला, शिवणाऱ्या बाईला, सापडेना. ह्यांनी तारा नव्याने जोडल्या, तीन तारांची सहा टोकं, प्रत्येक टोक वन्संना दाखवून. मी छत्रीच्या दोऱ्या पुन्हा दुहेरी टीप मारून घेतल्या, आणि तिची घडी घालून ती जळू नये म्हणून खाली न पेटणारा कागद कसा भरायचा ते शिकून घेतलं. तिघं एका टेबलाशी. सव्वीस वर्षांत एका टेबलाशी आम्ही फक्त जेवलो होतो, तेही पाळ्यांनी.

काल सकाळी पुन्हा गेलो. शिट्टीने चार खुर्च्या मांडल्या होत्या आणि चुन्याचा ढीग ताडपत्रीने झाकला होता. आडव्या दांडीची अट त्याने स्वतःच सोडली. सगळं जोडून झाल्यावर ह्यांनी बटणाची डबी उचलली, तर वन्संनी ती काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तू दाब. इतके दिवस थांबलीस ते पुष्कळ झालं." हे मोजायला लागले. दहा, नऊ, आठ. दादा, माझ्याने चारच्या पुढे थांबवलं नाही. मी चारला दाबलं.

तिन्ही पेटल्या. एका श्वासात तिन्ही. कसा आवाज सांगू तुला, नवं कापड दोन्ही हातांनी सर्रकन फाडतात ना, तसा, पण आभाळाएवढं कापड. आणि ते गेलं! सरळ! ओळंबा लावून घ्यावा इतकं सरळ. माझ्या ओठांत सवयीने दोन टाचण्या धरलेल्या असतात, त्या कुठे पडल्या ठाऊक नाही. ते बोटाएवढं झालं, मग सुईएवढं, मग दिसेना, आणि आम्ही चौघं माना मोडून वर बघत उभे, शिट्टीने शिट्टी तोंडात धरलेली पण वाजवायचं भान नाही. मग खूप वर एक बारीकसं फट्ट, आणि माझा डाळिंबी घेर उघडला. आठही कळ्या भरल्या, एक चुणी नाही. वन्संनी माझं कोपर असं घट्ट धरलं होतं की आज तिथे बोटांचे वळ आहेत. वर बघतच म्हणाल्या, "घेर छान पडलाय गं." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, "तुमचे पंख सरळ होते म्हणून." मग आम्ही दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागलो. माझ्या डोळ्यात धूर गेला होता. ह्यांच्याही गेला होता, आणि हे तर वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे होते.

रॉकेट कुंपणापलीकडच्या धोबीखान्याच्या छपरावर उतरलं. शिट्टीने शिडी लावून काढून आणलं. ओरखडा नाही.

तर असं सगळं यथासांग झालं. रॉकेट फळीवर उभं आहे. भाऊजी ठरल्याप्रमाणे रविवारी येतील, वन्संची ट्रंक भरलेली आहे, सगळं मी मागितलं तसं चाललंय, तेव्हा तक्रारीला जागा नाही. गुडघ्यांना तेल लाव. वहिनीला नमस्कार, आणि तुला तो राहिलेला साष्टांग नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. सहापैकी पहिल्या वेळी एक जळली, काल तीन. उरल्या दोन. मी वन्संना विचारलं, दोन मोटारींवर नाही का जायचं? म्हणाल्या, तिघींची जागा आहे, दोघींवर ते तिरकं जातं. तर एक मोटार लगेच पाठव. आणि तुझ्या खोक्यातल्या पत्रकावर पाच मोटारींच्या मोठ्या रॉकेटचं चित्र आहे, तेही पाठव. वन्सं म्हणतात त्याला नुसतं सरस वाळायलाच दोन महिने हवेत. म्हणजे बघ.

ता. क. दुसरा. बघ म्हणजे काय ते तुला कळलं नसेल तर स्पष्टच लिहिते. भाऊजींना सांग, रविवारी येऊ नका. टेम्पो मिळत नाही म्हण, त्यांच्या जिन्याचं काम निघालंय म्हण, काहीही म्हण, लहानपणी कमी थापा मारल्यास का? फक्त मी सांगितलं असं म्हणू नकोस. घालवा असं मीच लिहिलं होतं, आता ठेवा असं कुठल्या तोंडाने म्हणू? ह्यांना विचारलं तर म्हणाले, तूच म्हणालीस, तूच निस्तर. आणि वन्संना तोंडावर 'राहा' म्हणायचं मला जमत नाही. काल रात्रीपासून तीनदा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तिन्ही वेळा विचारलं की भात उतरवू का.

ता. क. तिसरा. दादा, घोटाळा झाला. हे पत्र शिवणाच्या टेबलावर ठेवून मी काजं करायला बसले, आणि आता पाकिटात घालायला उठले तर पत्र जागेवर नाही. ते सापडलं खिडकीतल्या फळीवर, रॉकेटशेजारी. चारी कडा सारख्या छाटलेल्या, पानं कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेली, आणि वर दोन्ही लोखंडी ठोकळे. ते ठोकळे ट्रंकेत होते. ट्रंक बघितली, पलंगाखाली ढकललेली आहे, रिकामी. वन्सं आत भात उतरवतायत. तेव्हा आता 'नाही जमलं' असं लिहायची तुला सोयच उरलेली नाही. भाऊजींशी बोलून गुरुवारच्या आत उत्तर टाक. शुक्रवार चालणार नाही.